औषधाची पाळी

"गर्भाच्या पिशवीला आम्ही हातसुद्धा लावणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पेनाच्या टोपणाने त्यांनी पडद्यावरच्या करड्या, धुरकट चित्रातली एक जागा दाखवली. "ही बघा. लहान आहे, माझ्या अंगठ्याएवढी, पण आहे. गोळ्या सुरू केल्या की वाढेल, पाळी येईल. पुढेमागे लग्न झालं, तुमच्या मुलीला वाटलं, तर दुसऱ्या कुणा बाईचं बीज घेऊन ती मूल वाढवू शकेल. स्वतःच्या पोटात." धाकटी मान डोलावत होती. मांडीवरची फाइल तिने दोन्ही हातांनी अशी धरली होती, की जणू कुणी हिसकावूनच नेणार आहे. तिच्या शेजारच्या खुर्चीत ताई बसली होती, नुसती सोबत म्हणून आलेली. धाकटीचा नवरा परमुलखात नोकरीला, त्याला रजा मिळेना, आणि असलं काही एकटीने ऐकून घ्यायची धाकटीची छाती नव्हती. म्हणून ताईने दुकानातून अर्धा दिवस मागून घेतला होता. ताईला सगळे ताईच म्हणत, सख्ख्या बहिणीपासून दुकानातल्या गिऱ्हाइकांपर्यंत. चष्म्याच्या दुकानात तिची सव्वीस वर्षं गेली होती आणि समोर कुणीही बसलं की आधी त्याचा चष्मा बघायचा ही तिची खोड होती. डॉक्टरबाईंच्या चष्म्याची डावी काडी कानावर किंचित उचललेली होती, त्यामुळे त्यांचा एक डोळा भिंगाच्या मध्यातून बघत होता आणि दुसरा नव्हता. दोन मिनिटांचं काम आहे, काडी जरा गरम करायची आणि वाकवायची, असं ताईच्या मनात आलं, आणि त्याच वेळी 'स्वतःच्या पोटात' हे दोन शब्द तिच्या कानातून आत शिरून कुठेतरी खाली जाऊन बसले.

त्यानंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. जी गुणसूत्रं सहसा पुरुषांमध्ये दिसतात ती धाकटीच्या मुलीच्या, घारीच्या रक्तात आहेत, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा धाकटी एकदम म्हणाली, "म्हणजे माझी मुलगी मुलगी नाही?" आणि डॉक्टरबाई न चिडता म्हणाल्या, "मुलगीच आहे. सोळा वर्षं तुम्ही वाढवलीत ती मुलगीच. फक्त जिथे अंडाशय हवेत तिथे दोन नुसत्या पट्ट्या आहेत, कधीच काम न केलेल्या. आणि अशा पट्ट्यांत पुढे वाईट गाठ होऊ शकते. शंभरातल्या वीसपंचवीस जणींना होते. म्हणून ती व्हायची वाट न बघता आधीच काढून टाकायच्या. दुर्बिणीतून. तीन भोकं, एकेक करंगळीच्या नखाएवढं. गुरुवारी दाखल व्हा, शुक्रवारी सकाळी करू, शनिवारी घरी." मग त्यांनी कागद ओढून घेतला आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला असं होतं?" धाकटीने फाइलकडे बघितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या घराचं ब्रीदच होतं, आणि धाकटी त्याच घरात वाढलेली. तेव्हा ताईच म्हणाली, "मला होतं." डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. कितव्या वर्षी ऑपरेशन झालं? सोळाव्या. म्हणजे एकतीस वर्षं झाली. तेव्हा पोट उघडून केलं असेल. हो. "गोळ्या दिल्या होत्या ना? पाळी यायची त्यांच्यावर?"

"यायची," ताई म्हणाली. "दहा वर्षं. पण ती औषधाची."

"औषधाची म्हणजे?"

"म्हणजे खरी नव्हे. गोळ्यांची."

डॉक्टरबाईंनी नाकावरचा चष्मा सारखा केला. "पाळी येते ती पिशवीतूनच येते," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमचीही ठेवली असणार. आता वय काय तुमचं?" ताईने सत्तेचाळीस सांगितलं. डॉक्टरबाईंनी नजर कागदाकडे नेली आणि तिथे काहीच लिहायचं नसताना पेन टेकवलं. नंतर त्या हाडांबद्दल बोलल्या, गोळ्या मधेच का सोडल्या, हाडांची तपासणी करून घ्या, मनगट मोडलं होतं म्हणता तर नक्कीच करा. आणि निघताना धाकटीला म्हणाल्या, "मुलीला सांगा. सही तुमची चालते, पण पोट तिचं आहे."

बाहेरच्या बाकावर घारी बसली होती. डोळे घारे म्हणून घारी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्याखेरीज कुठे वापरलंच गेलं नव्हतं. उंच, लांब हातांची, सगळ्या वर्गाच्या डोक्यावरून बघणारी मुलगी. "झालं तुमचं गुप्त खलबत?" ती म्हणाली, आणि ताईला हसू आलं, खरंच आलं, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. जिन्यात घारी पुढे गेल्यावर धाकटीने ताईचं कोपर धरलं. "तिला मी हर्निया सांगितलंय. मावशीचं पण झालं होतं, काही होत नाही, असं सांगितलंय. तू मोडू नकोस, ताई. माझ्या गळ्याची शपथ आहे." ताई म्हणाली, "डॉक्टर सांगा म्हणाल्या." "त्यांचं काय जातंय? घरी रडणारं पोर त्यांना सांभाळायचंय का? परीक्षा होऊ दे. मोठी होऊ दे. लग्नाच्या वेळेला सांगेन ना मी." लग्नाच्या वेळेला. ताईने ते शब्द गिळले, कारण तीही त्याच घरातली होती आणि गिळण्याचा सराव तिला धाकटीपेक्षा जास्त होता.

हर्निया हा शब्द तिच्या आयुष्यात आईने आणला होता. सोळावं सरत आलं तरी पाळी नाही म्हणून आई तिला एका डॉक्टरकडे घेऊन गेली, त्याने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे, आणि मग एक दिवस ऑपरेशननंतर ती जागी झाली तेव्हा बेंबीच्या खालपासून पार तळापर्यंत पट्टी होती आणि आई म्हणत होती, "हर्निया होता, काढला." त्याआधीचे आठ दिवस ताईला खात्रीच होती की आपण मरणार आहोत. घरात सगळे तिच्याशी फार गोड बोलत होते, वडील तर संध्याकाळी येऊन नुसते तिच्या खोलीच्या दारात उभे राहत आणि काही न बोलता निघून जात. माणूस मरणार असल्याशिवाय कुणी एवढं गोड वागत नाही. तिने आपली रंगांची पेटी धाकटीला देऊन टाकली होती. मेली नाही तेव्हा परत मागितली, तर धाकटीने दिली नाही. यावर दोघी पुढे कितीतरी वर्षं हसल्या. पण खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं, आणि आईने ते इमानाने पोसलं. हर्नियाच्या माणसाने जड उचलायचं नसतं, म्हणून पुढची दहा वर्षं आईने ताईला पाण्याची बादली उचलू दिली नाही, पलंग सरकवू दिला नाही, बाजाराची पिशवी धरू दिली नाही. सगळं धाकटीच्या अंगावर पडलं. "तुझ्या हर्नियापायी माझे खांदे गेले," धाकटी म्हणायची. आई ताकास तूर लागू देत नसे. रिकाम्या घरातसुद्धा, कुणी बघत नसतानासुद्धा, ती ताईच्या हातातून बादली काढून घ्यायची, आणि आता ताईला वाटलं, आईला तेव्हा स्वतःलाच ते खरं वाटू लागलं असेल, बादली काढून घेता घेता.

गोळ्यांचं मात्र तसं नव्हतं. त्या महिन्याच्या महिन्याला कागदी पुडीत यायच्या आणि त्यांच्यावर पाळी यायची. पहिल्यांदा आली तेव्हा ताई आनंदाने स्वयंपाकघरात धावत गेली होती. आई चुलीपाशी उभी होती, ती मागे न वळता म्हणाली, "ती औषधाची आहे. खरी नव्हे. फार मनावर घेऊ नकोस." मग ताईने मनावर घेतलं नाही. दहा वर्षं, दर महिन्याला, पोट दुखायचं, कंबर धरायची, कपडे धुवावे लागायचे, आणि दर महिन्याला ती स्वतःला सांगायची की हे खरं नव्हे. मैत्रिणी आपापल्या दुखण्याबद्दल बोलायच्या तेव्हा ती गप्प बसायची, कारण आपलं खोटं दुखणं त्यांच्या खऱ्या दुखण्यात कसं मिसळायचं? शाळेत तिला जीवशास्त्रात पैकीच्या पैकी मार्क होते. आकृती काढून नावं द्या म्हटलं की तिची आकृती फळ्यावर लावत. आणि तरी हे रक्त येतं कुठून, हे तिने दहा वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नाही, स्वतःलासुद्धा नाही. आता बसच्या खिडकीशी बसल्या बसल्या तिने ते विचारलं आणि उत्तर इतकं सोपं होतं की तिला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. अख्ख्या दुनियेची चौकशी केली, पण आपल्याच अंगाला आपण कधी काही विचारलं नाही. बस थांबली, चार माणसं चढली, एक बाई कडेवरच्या बाळाला घेऊन तिच्या शेजारी बसली आणि बाळाने ताईच्या चष्म्याची काडी पकडून ओढली. "अगं, सोड, सोड," ती बाई म्हणाली. "असू दे," ताई म्हणाली. तिने चष्मा काढून बाळाच्या हातात दिला आणि उतरायच्या थांब्यापर्यंत तिला बाहेरचं काही दिसलं नाही.

घरी आई खिडकीजवळ वाटाणे सोलत बसली होती. गुडघे गेले होते, पण कान आणि हात शाबूत. ताईने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. "आई, माझी पिशवी काढली होती का ठेवली होती?" आईचे हात थांबले नाहीत. एक शेंग झाली, दुसरी घेतली. "कोण काय म्हणालं?" "काढली होती का ठेवली होती, एवढंच सांग." आईने शेंगेतले दाणे भांड्यात पाडले. "ठेवलीय म्हणाला होता डॉक्टर," ती म्हणाली. "पण ठेवून उपयोग काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बीच नाही, मग नुसती पिशवी घेऊन काय करायचंय? मी म्हटलं, पोरीच्या जिवाला उगाच आस नको. एकदा नाही म्हटलं की माणूस त्या 'नाही'शी जमवून घेतं. होईल का, न होईल का, यानं माणूस झिजतं." ताई म्हणाली, "दुसऱ्या बाईचं बीज घेतात." "आता घेतात. तेव्हा मला काय माहीत?" "मी सत्तावीस वर्षांची होते तेव्हाही घेत होते, आई. तेव्हा विचारायचंस कुणाला तरी." आईने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "लाज वाटायची. तुझी नव्हे ग. माझी. माझ्याच पोटात काहीतरी चुकलं म्हणून तू अशी झालीस, असं वाटायचं. त्या डॉक्टरच्या दारात परत पाय ठेववेना." आणि मग, जणू काही आठवल्यासारखं, "आणि त्याला तर तूच नाही म्हणालीस. मी म्हणाले नव्हते नाही म्हण म्हणून." हे खरं होतं. ताईला ओरडायचं होतं, भांडं उचलून भिंतीवर मारायचं होतं, पण समोरची बाई इतकी लहान दिसत होती, खुर्चीत बुडून गेलेली, मांडीवर हिरवी सालं. राग यायला समोर कुणीतरी अंगापिंडाने धड असावं लागतं. ताई खाली बसली आणि उरलेल्या शेंगा सोलू लागली, कारण तिला दुसरं काय करावं ते सुचेना.

तो म्हणजे काचवाला. दर सोमवारी भिंगांच्या पेट्या घेऊन दुकानात यायचा, आणि तिची सही घेताना पेन स्वतःचं द्यायचा, दुकानाचं पेन नीट चालत असूनही. असं दोन वर्षं चाललं. मग एका सोमवारी पेटीत एक भिंग जास्त निघालं. ताईने ते परत दिलं तेव्हा तो म्हणाला, "मुद्दाम टाकलं होतं. तुम्ही मला परत हाक मारावी म्हणून." असला माणूस. हसताना मान खाली घालायचा. त्याने घरी येऊन आईला लग्नाचं विचारलं तेव्हा आईने त्याला चहा दिला, चांगला बसवला, आणि तो गेल्यावर ताईला आतल्या खोलीत नेऊन पहिल्यांदा सांगितलं की हर्निया नव्हता. मूल होणार नाही. आतलं सगळं काढलंय. "त्याला सांगायचं का काय ते तू ठरव," आई म्हणाली, आणि ताईने ठरवलं. पुढच्या सोमवारी तिने त्याला सांगितलं की माझं लग्नाचं मनात नाही. तो म्हणाला, "कधीपर्यंत?" ती म्हणाली, "कधीच." त्याला चिमुरडी पोरं फार आवडायची, दुकानात कुणाचं पोर आलं की तो रिकाम्या फ्रेमा तोंडावर धरून त्यांना हसवत बसायचा, आणि ते बघूनच तिने ठरवलं होतं. सांगितलं असतं तर तो कदाचित राहिला असता, आणि राहिला असता तर तिला जन्मभर त्याच्याकडे बघवलं नसतं, असं तिचं तेव्हाचं गणित. त्याच आठवड्यात तिने गोळ्या बंद केल्या. खोटी पाळी कुणासाठी ठेवायची? आईनेही काही म्हटलं नाही, पुडी आणायची थांबली तेव्हा. काचवाला दीड वर्ष येत राहिला, मग त्याच्या जागी दुसरा माणूस यायला लागला.

बुधवारी ताईने दुकानात जन्मात न केलेली चूक केली. भिंगावर मध्याची खूण करताना उजव्याची डाव्यावर आणि डाव्याची उजव्यावर केली, घासूनही टाकलं, आणि एक चांगली जोडी वाया गेली. मालक म्हणाला, "ताई, बरं नाही का?" ती म्हणाली, "डोकं जरा धरलंय." दुपारच्या वेळी दुकान रिकामं असताना तिला गेल्या वर्षीचा दिवस आठवला. काचवाला आपल्या मुलीला घेऊन आला होता. केस पांढरे झाले होते, बाकी तसाच, मान खाली घालून हसणारा. मुलीचा नंबर वाढला होता. ताईने तिला समोर स्टुलावर बसवलं, डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायला पट्टी तिच्या नाकावर धरली आणि नेहमीसारखं म्हटलं, "हलू नकोस, बाळ. माझ्या डोळ्यांत बघ." ती बघत राहिली. मागे तो उभा होता. साठ मिलिमीटर. ताईने आकडा लिहिला, फ्रेम दिली, काड्या कानामागे बसतात का ते बघितलं, आणि ती दोघं गेल्यावर आपल्याला काहीच कसं वाटलं नाही याचा तिला तेव्हा थोडा अभिमानसुद्धा वाटला होता. त्या 'नाही'शी जमवून घेतलंच होतं तिने. आईचं म्हणणं तेवढं खरं ठरलं होतं. पण ते 'नाही'च खोटं होतं, आणि त्या खोट्या 'नाही'वर तिने वीस वर्षं घर बांधलं होतं, त्यात रोज झाडलोट केली होती. पुरुषांची गुणसूत्रं वगैरे जे ऐकून धाकटी कोसळली, त्याचं ताईला काही वाटलं नव्हतं. असतील. रक्तात काय लिहिलंय ते रक्ताला माहीत. तिला सारखं दिसत होतं ते एवढंच, की एक अंगठ्याएवढी जागा दहा वर्षं दर महिन्याला तयार होऊन बसत होती आणि तिने तिला दर महिन्याला खोटी म्हटलं होतं. ती पिशवी आता आत वाळून गेली असेल. ताई मशीनच्या मागे गेली, जिथे घासलेल्या काचेचं पांढरं पाणी साठतं, आणि तिथे उभी राहून तिने तोंडावर रुमाल दाबून धरला. मग गिऱ्हाईक आलं.

गुरुवारी दुपारी घारीला दाखल केलं. खोलीत दोन खाटा होत्या, दुसरी रिकामी. खिडकीतून समोरच्या इमारतीचे नळ दिसत होते. परिचारिकेने घारीच्या मनगटाला नावाची पट्टी बांधली, अंगावर मागून नाड्यांचा झगा चढवला, आणि तो तिला गुडघ्यांच्याही वरच राहिला. "हा काय माझ्या धाकट्या बहिणीचा आहे का?" घारी म्हणाली, तिला बहीण नव्हती. परिचारिका हसली आणि गेली. धाकटी कागद भरायला आणि रक्ताच्या चाचण्यांचं विचारायला खाली उतरली. दारातून तिने ताईकडे एकदा बघितलं. जिन्यातली शपथ त्या बघण्यात होती. ताईने मान हलवली. मग खोलीत दोघीच उरल्या आणि घारीचं हसणं एकदम संपलं.

"मावशी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"आईच्या फाइलमध्ये गुणसूत्रांचा रिपोर्ट आहे. हर्नियाला गुणसूत्रं कशाला तपासतात?"

"तू वाचलास?"

"वरचं नुसतं नाव वाचलं. आत उघडायची भीती वाटली." ती झग्याची नाडी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "आई माझ्याशी फार चांगली वागतेय. परवा मी बशी फोडली तर काहीच बोलली नाही. बाबा रोज फोन करतात. मी मरणार आहे का ग?"

धाकटीचा गळा, धाकटीची शपथ, धाकटीचे बादल्या उचलून गेलेले खांदे, सगळं ताईच्या डोळ्यांपुढून गेलं. धाकटी वाईट नव्हती. आईही वाईट नव्हती. दोघी आपापल्या पोरीला सांभाळत होत्या. ही शपथ मोडली तर धाकटी तिला माफ करणार नव्हती, निदान बरीच वर्षं; आणि आईनंतर तिला या जगात दुसरं कोण होतं? धाकटीचं घर आणि ही मुलगी, एवढंच. गप्प बसणं काही अवघड नव्हतं. 'वेडे, मरतेस कशाला' म्हणून गालावर चापट मारली असती तरी भागलं असतं. उद्या सकाळी दुर्बीण आत गेली असती, शनिवारी मुलगी घरी आली असती, महिन्याभराने गोळ्या आल्या असत्या आणि स्वयंपाकघरात कुणीतरी मागे न वळता काहीतरी म्हटलं असतं. ताई उठली. खोलीचं दार तिने लोटून घेतलं आणि खाटेवर घारीच्या पायांशी बसली.

"मरणार नाहीस," ती म्हणाली. "पण हर्निया नाही. सगळं सांगते. मधे थांबवू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही."

तिने डॉक्टरबाईंच्याच क्रमाने सांगितलं, कारण तेवढाच क्रम तिला येत होता. रक्तात काय आहे ते आधी. घारीचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे मी मुलगा आहे?" "नाहीस. तू तूच आहेस. मीही तशीच आहे, बघ माझ्याकडे, मी कोण दिसते तुला?" मग त्या दोन पट्ट्या, त्यात होऊ शकणारी गाठ, ती व्हायच्या आधीच त्या काढायच्या म्हणजे ती भीतीच उरत नाही. तीन भोकं. स्वतःचं बीज होणार नाही, हे सांगताना तिचा आवाज हलला, पण तिने ते सांगितलं, गोड न करता. घारी रडायला लागली, आधी आवाज न करता आणि मग लहान मुलासारखी, तोंड उघडं टाकून. ताईने तिला रडू दिलं. मग तिने पिशवीचं सांगितलं. ती आहे. तिला हात लावणार नाहीत. गोळ्यांवर वाढेल. दुसऱ्या बाईचं बीज घेऊन पुढे तुला वाटलं तर, आणि नाही वाटलं तर नाही, पण ठरवायचं तू. "आणि ऐक. गोळ्यांवर पाळी येईल. कुणी म्हणालं ना की ती औषधाची आहे, खरी नाही, तर ऐकून घेऊ नकोस. कुणाचंही. ती तुझ्याच पिशवीतून येते. आणि गोळ्या सोडायच्या नाहीत, काही झालं तरी, कुणी सोडून गेलं तरी."

घारीने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. तिच्या घाऱ्या डोळ्यांत काहीतरी जुळत चाललेलं ताईला दिसत होतं, आणि काय जुळतंय तेही कळत होतं, आणि ते थांबवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

"तुझं ऑपरेशन पण हेच होतं?"

"हो."

"मग तुझी पिशवी पण ठेवली होती?"

"हो."

"मग तू का नाही..." घारी थांबली. "तुला तर लहान मुलं आवडतात. मला तूच आंघोळ घालायचीस म्हणते आई. मग तू का नाही घेतलंस तसं बीज?"

"मला माहीत नव्हतं. काढून टाकलीय असं सांगितलं होतं मला."

"आजीनं?"

ताईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"मग तुला कधी कळलं?"

"परवा."

घारीचं रडणं थांबलं. ती मावशीकडे बघत राहिली, आधी न समजून आणि मग समजून. ती अंगावरची चादर बाजूला सारून गुडघ्यांवर पुढे सरकली. तिने दोन्ही लांब हातांनी मावशीला धरलं. ताईला वाटलं आपण आता मोडून पडणार, मनगट मोडलं होतं तसं, एवढ्याशा भाराने. जिन्यावर पावलं वाजत होती. धाकटीची असतील.

"परवा कळलं," घारी तिच्या खांद्यात तोंड घालून म्हणाली, "आणि तू आज इथे आलीस? कशी आलीस ग?"

"म्हणजे काय," ताई म्हणाली. "तुझं ऑपरेशन आहे ना उद्या."